कास्तेलेजोला जायचंय? मग आधी तिथी बघा

अल्गार्व म्हटलं की जे फोटो समोर येतात ना, पिवळे कडे, हिरवंनिळं पाणी, छत्र्यांच्या रांगा, ते सगळे दक्षिण किनाऱ्याचे. पोर्तुगालचा हा कोपरा केप सेंट व्हिन्सेंटच्या दीपगृहाशी गर्रकन वळतो आणि उत्तरेकडे निघतो, आणि तिथून पुढे समुद्रच वेगळा होतो. काळ्या-करड्या, तिरक्या थरांच्या दगडाचे उंच कडे, समोर थेट अटलांटिक आणि खाली वाळूची एक पट्टी जी दिवसातून दोनदा जवळजवळ नाहीशी होते. मी लिहितेय ते विला दो बिश्पो गावाजवळच्या कास्तेलेजो बीचबद्दल, आणि त्याला उत्तरेकडून लागून असलेल्या कोर्दोआमा आणि बारीगाबद्दल. ओहोटीला हे तिन्ही मिळून एकच लांबलचक किनारा होतो, भरतीला प्रत्येकाचा संसार वेगळा.

आणि सगळी गंमत नेमकी इथेच आहे. लोक हॉटेल बुक करतात, गाडी घेतात, वेदर अॅपवर ऊन बघतात आणि दुपारी २ ला आरामात पोचतात, तर वाळूच नाही, नुसते दगड आणि फेस. मग "काही खास नव्हतं" म्हणून परत. अहो, तुम्ही चुकीच्या वेळी गेलात, बीचची काय चूक.

तर वेळ कशी काढायची. पोर्तुगालच्या नौदलाची जी जलमापन संस्था आहे, इन्स्टिट्यूटो हिड्रोग्राफिको, ती भरती-ओहोटीचे तक्ते काढते, त्यात लागुश बंदराचे आकडे बघितले तरी पुरतात. फक्त त्यात उन्हाळ्याच्या घड्याळाचा एक तास धरलाय की नाही ते आधी तपासा, नाहीतर सगळं एका तासाने चुकतं आणि इथे एक तास म्हणजे बराच असतो. आता तक्ता न बघताही अंदाज कसा लावायचा तर आपलं कालनिर्णय काढा. तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणातला तो हिशोब इथे लागू नाही, इथल्या वेळा वेगळ्या, पण चंद्र तोच ना. उन्हाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी साधारण सकाळी ९-१० ला तळाला असते आणि परत रात्री ९-१० ला, म्हणजे सकाळची लांब वाळू पण मिळते आणि संध्याकाळी पाणी मागे सरकत असताना सूर्यास्त पण (जूनमध्ये तो जवळपास ९ ला होतो). अष्टमीच्या आसपास बरोब्बर उलटं, सकाळी ९-१० ला भरती आणि दुपारी वाळू. रोज हे पाऊण-एक तासाने पुढे सरकतं. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक तीन-साडेतीन मीटरपर्यंत जातो, म्हणजे एका मजल्याएवढं पाणी वर-खाली. अष्टमीला तो निम्म्याहून कमी असतो, म्हणून तेव्हा वाळू कमी उघडी पडते पण पाणी अंगावर पण तेवढ्या वेगाने येत नाही.

हे मी एवढं घोळून सांगतेय कारण आम्ही एकदा स्वतः अडकलोय. पौर्णिमा झाल्यावर दुसऱ्या दिवशी, सकाळी १० ला गाडी कास्तेलेजोला लावली आणि ओल्या वाळूवरून उत्तरेकडे चालत सुटलो, मस्त कडक वाळू, पायाखाली आरसा. कोर्दोआमाला टॉवेल टाकला, खाल्लं, नवऱ्याला झोप लागली. परत निघालो तेव्हा येताना ज्या दगडांच्या बाजूने कोरडे आलो होतो तिथे पाणी गुडघ्यापर्यंत, आणि एक लाट आली ती सरळ कमरेला. मी म्हटलं जाऊया पटकन, तो म्हणाला थांब, पाच लाटा मोजू. मोजल्या, चौथी छातीएवढी होती आणि दगडावर आपटून तिचं पाणी आमच्या डोक्यावरून गेलं. गुपचूप मागे फिरलो, कोर्दोआमाच्या रस्त्याने वर चढलो आणि डांबरी रस्त्यावरून भर उन्हात दुसऱ्या बाजूने खाली गाडीपर्यंत, ओल्या चपलांत. कोर्दोआमाला स्वतःचा रस्ता होता म्हणून एवढ्यावर निभावलं. म्हणून नियम एकच ठेवा, दगडाचं टोक ओलांडून पलीकडे जायचं असेल तर पाणी उतरत असताना जायचं आणि ओहोटीच्या वेळेनंतर तासाभरात परत अलीकडे यायचं. मोबाइलला गजर लावा, झोप सगळ्यांनाच लागते.

पोचायचं कसं ते पटकन सांगते. फारो विमानतळावर उतरा, तिथून गाडी घेतली तर ए-२२ हायवेने लागुश आणि पुढे एन-१२५ ने विला दो बिश्पो, सव्वाशे किलोमीटरच्या आतच आहे. ए-२२ वरचा टोल जानेवारी २०२५ पासून बंद झालाय, त्यामुळे ती जुनी कटकट गेली. गाडी नसेल तर फारोहून ट्रेनने लागुश (रेल्वे तिथेच संपते), मग साग्रेशकडे जाणारी बस, ती विला दो बिश्पोला थांबते. गावातून बीच चार-पाच किलोमीटर, टॅक्सी करा नाहीतर चाला, जाताना उतार आहे म्हणून फसू नका, येताना तोच चढ होतो. परतीच्या बसची शेवटची वेळ मात्र आधी बघून ठेवा.

जाताना थोडी वाट वाकडी करून तोर्रे दे आस्पाला थांबाच. १५६ मीटर उंचीवरून अख्खा किनारा दिसतो आणि मुख्य म्हणजे लाटा वरून वाचता येतात. हे सर्फिंग करणाऱ्यांसाठी पण आणि नुसतं डुंबायला जाणाऱ्यांसाठी तर जास्तच. वरून बघताना पांढऱ्या फेसाच्या पट्ट्यांमध्ये जिथे फेस नाही, पाणी जरा गडद आणि सपाट दिसतंय, तिथे शांत आहे असं वाटतं आणि नवखा माणूस बरोबर तिथेच उतरतो. ते शांत नाहीये, तो रिप करंट आहे, किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथून परत आत जातं आणि तुम्हाला पण नेतं. सापडलातच तर किनाऱ्याकडे पोहायची मारामारी करू नका, दमाल. तरंगत राहा, हात वर करा, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर पोहत फेस जिथे फुटतोय तिकडे सरका, तिथली लाट तुम्हाला बाहेर आणते. पोर्तुगालमध्ये इमर्जन्सीचा नंबर ११२.

झेंड्यांचा अर्थ पण इथे नीट समजून घ्या. हिरवा म्हणजे पोहा, लाल म्हणजे पाण्यात पाय नाही. पिवळा म्हणजे आपल्याला वाटतं "जरा जपून पोहा", तर तसं नाही, पिवळ्याला पोहायची मनाई असते, कडेला उभं राहून भिजायचं तेवढंच. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा दिसला तर जीवरक्षक तात्पुरता जागेवर नाही. आणि हे सगळं उन्हाळ्याच्या सीझनपुरतं, बाकी महिन्यांत झेंडा पण नाही आणि माणूस पण नाही.

आता पाणी थंड का असतं, हा प्रश्न ऑगस्टमध्ये गेलेला प्रत्येकजण विचारतो. उन्हाळ्यात इथे उत्तरेकडून वारा सुटतो, नोर्ताडा म्हणतात त्याला, तो किनाऱ्यालगतचं वरचं तापलेलं पाणी आत समुद्रात ढकलतो आणि त्याच्या जागी खालचं गार पाणी वर येतं. म्हणजे वर ऊन मी म्हणतंय आणि पाण्यात पाय टाकला की पोटऱ्या बधिर. त्यामुळे सर्फिंगला भर उन्हाळ्यात पण ३/२ जाडीचा (धडाला ३ मिमी, हातापायांना २ मिमी) वेटसूट, म्हणजे गारवा अडवणारा रबरी सूट, लागतोच, हिवाळ्यात ४/३ आणि पायात बूट. हा वारा दुपारी वाढतो आणि लाटांची पार खिचडी करतो, म्हणून उन्हाळ्यात बोर्ड घेऊन जायचं तर सकाळी. विंडगुरू या वारा-लाटांच्या अंदाजाच्या साइटवर बघताना नुसती लाटेची उंची बघू नका, दोन लाटांमधले सेकंद बघा. दीड मीटर आणि ८ सेकंद ही एक गोष्ट, दीड मीटर आणि १४ सेकंद ही पूर्ण वेगळी, दुसरी कितीतरी जास्त ताकदीची असते. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकमधल्या वादळांचा स्वेल, म्हणजे लांबून येणाऱ्या मोठ्या लाटा, थेट इथे येऊन आदळतो, तेव्हा शिकाऊ माणसाने बोर्ड गाडीतच ठेवून लाटा वरूनच बघाव्यात. पश्चिम बाजू फारच खवळलेली असेल तर साग्रेशचा मारेता बीच दक्षिणेकडे तोंड करून आहे, तिथे बऱ्याचदा निभतं. पहिल्यांदाच शिकताय तर माझं मत विचाराल तर कारापातेराजवळचा आमादो घ्या, तिथे सर्फ स्कूल्स आहेत, गर्दी असते पण शिकताना गर्दी चांगली.

वाळूत बसायची जागा. कड्याच्या सावलीत बसायचा मोह होणार, कारण दुसरी सावली नाहीच. बसू नका. हा दगड थराथरांचा, भेगाळलेला, त्याचे तुकडे सुटतात, धोक्याच्या पाट्या उगाच लावलेल्या नाहीत. ऑगस्ट २००९ मध्ये दक्षिण किनाऱ्यावर आल्बुफेराजवळ मारिया लुईझा बीचवर कडा कोसळून पाच जण गेले होते, आणि तो दिवस साधा सुट्टीचा, छान उन्हाचाच होता. कड्यापासून लांब बसा आणि सावली स्वतःची न्या, पण छत्री नको, वाऱ्याने उडून जाते, कडेने वाळू भरायचे छोटे तंबू असतात ते बरे.

अजून एक छोटा प्राणी. ओहोटीला उथळ पाण्यातल्या वाळूत पेशे-आरान्या नावाचा मासा पुरून बसलेला असतो, बोटभर लांब, पाठीवर काळा पंखा आणि त्यात विषारी काटे. त्याच्यावर पाय पडला तर कळ अशी जाते की माणूस एका पायावर नाचत बाहेर येतो. बर्फ लावू नका, उलट सोसेल एवढ्या गरम पाण्यात पाय अर्धा तास तरी बुडवून ठेवा, उष्णतेने वेदना कमी होते. बीचवरच्या रेस्टॉरंटमध्ये पाय दाखवलात तर काय झालंय ते सांगावं पण लागत नाही. श्वासाला त्रास, सूज वाढणं असं काही दिसलं तर सरळ ११२.

राहायचं गावात किंवा साग्रेशला. हा सगळा पट्टा १९९५ पासून नॅचरल पार्क आहे, त्यामुळे कड्यावर तंबू ठोकणं, व्हॅनमध्ये रात्र काढणं याला बंदी आहे आणि पोलीस रात्री येऊन उठवतात, दंड पण होतो. चालायची आवड असेल तर हिरव्या-निळ्या खुणांची मच्छीमारांची पायवाट कड्यांवरून जाते, कारापातेरा ते विला दो बिश्पो हा टप्पा एका दिवसाचा, पाणी भरपूर न्या.

आणि कड्यांवरून दोरीला लटकून खाली फेसात उतरणारी माणसं दिसली तर घाबरू नका, ती पर्सेबेश काढतायत. खडकाला चिकटून राहणारा कवचवाला जीव, दिसायला डायनॉसोरच्या नखासारखा, आणि विला दो बिश्पो स्वतःला त्याचीच राजधानी म्हणवतं. स्वतः काढायला जाऊ नका, त्याला परवाना लागतो आणि लाट पाठीमागून येते. संध्याकाळी गावात मागवा, वजनावर मिळतात, भाव आधी विचारा, स्वस्त नसतात. खाताना नखाजवळ चिमटीत धरायचं, पिळायचं, साल ओढली की आतला गुलाबीसर दांडा निघतो, चव म्हणजे निव्वळ समुद्र. पिळताना तोंड आपल्या ताटाकडे करा, खारट पाण्याची चिळकांडी उडते. आमची शेजारच्या टेबलावरच्या आजोबांच्या शर्टवर गेली, त्यांनी वर पण बघितलं नाही, नुसता नॅपकिन पुढे केला.