फॅन्टसी फुटबॉल: ड्राफ्टमध्ये बांधा, मंगळवारी सावरा

अमेरिकेत नोकरीला लागलात की ऑगस्टअखेर ऑफिसातलं कोणीतरी विचारतंच, "लीगमध्ये एक जागा आहे, येतोस का?" फुटबॉल म्हणजे अर्थात लंबगोल चेंडूचं, एनएफएल या व्यावसायिक स्पर्धेचं. खरे खेळाडू निवडून आपला कागदी संघ करायचा; मैदानावर ते जे करतात त्याचे गुण तुम्हाला. ड्रीम इलेव्हन खेळलेल्याला वाटतं, हे तर रोजचंच. पण इथे हंगामाआधी पाळीपाळीने खेळाडू निवडायचे (हाच ड्राफ्ट), आणि एक खेळाडू लीगमध्ये एकाच संघाचा. तुम्ही घेतला की बाकीच्या अकरा जणांना तो मिळत नाही, आणि बरा असो वा वाईट, सप्टेंबरपासून तो तुमच्याच पदरात.

आधी लीगचे गुण बघा. बहुतेक ठिकाणी धावत किंवा झेलून काढलेल्या 10 यार्डांना 1 गुण आणि टचडाउनला (चेंडू मैदानाच्या पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात नेण्याला) 6. झेलामागे काय मिळतं ते मात्र लीगनुसार बदलतं: पूर्ण गुण, अर्धा किंवा काहीच नाही. पूर्ण गुण असेल तर 80 यार्ड धावून, एक टचडाउन करून आणि तीन झेलांत मिळून 20 यार्ड काढून रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, 19 गुण देतो. झेलाला काही नसेल तर तोच 16 वर येतो. ड्राफ्टची यादी या हिशोबाने लावा.

ड्राफ्ट बहुधा नागमोडी असतो, दर फेरीत क्रम उलटतो. बारा जणांत तुमचा नंबर पाचवा असेल, तर पुढची निवड विसावी आणि त्यानंतरची एकोणतिसावी. मधल्या चौदा नावांत कोण उडेल याचा अंदाज बांधून ठेवा. पहिल्या पाच-सहा फेऱ्या रनिंग बॅक आणि वाइड रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे) यांच्यावरच खर्च करा. क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची, घाई नको: लीगला लागतात बारा, एनएफएलमध्ये खेळतात बत्तीस. रनिंग बॅक मात्र प्रत्येकाला किमान दोन लागतात, आणि सगळं ओझं एकट्याने वाहणारे मोजकेच. किकर (लाथेने गुण काढणारा) आणि डिफेन्स (एखाद्या संघाची अख्खी बचावफळी) शेवटच्या दोन फेऱ्यांत. मी पहिल्या वर्षी नवव्या फेरीत किकर उचलला होता; त्यावरून अजून टोमणे खातो.

बेंचवर दुसरा किकर किंवा दुसरा टाइट एंड (अडवणं आणि झेलणं दोन्ही करणारा) बसवून जागा अडवू नका. तिथे हवेत ते राखीव रनिंग बॅक, मुख्य खेळाडू जायबंदी झाला की रातोरात मोठे होणारे. 2024 मध्ये बहुतेक लीगमध्ये पहिल्या नंबरला गेलेला क्रिश्चन मॅकाफ्री सुरुवातीला खेळलाच नाही, आणि हंगामात जेमतेम चार सामने खेळला. त्याच्या जागी पहिल्याच सामन्यात जॉर्डन मेसनने 28 वेळा चेंडू घेऊन 147 यार्ड काढले.

आता वेव्हर, म्हणजे कोणीच न घेतलेल्या खेळाडूंचा बाजार. मला विचाराल तर लीग इथेच जिंकली जाते. बहुतेक लीगमध्ये मंगळवारी रात्रीपर्यंत मागणी नोंदवायची, बुधवारी पहाटे निकाल. बघताना गुण नंतर बघा. आधी बघा तो किती स्नॅप (चेंडू खेळात येतो तो प्रत्येक डाव) मैदानात होता आणि चेंडू किती वेळा त्याच्याकडे गेला. 2023 मध्ये रॅम्स संघाचा रिसीव्हर कूपर कप जायबंदी असताना त्यांच्या नवख्या पुका नकुआकडे पहिल्याच सामन्यात 15 वेळा चेंडू फेकला गेला. टचडाउन एकही नाही, पण झेल 10. त्या मंगळवारी ज्यांनी त्याला उचललं त्यांचं भलं झालं: हंगामभरात त्याने एकूण 1,486 यार्ड काढले. उलट दोन झेल आणि दोन टचडाउनवाल्यामागे पैसे घालवू नका.

बोली लावायची पद्धत असेल तर हंगामाला साधारण 100 डॉलर मिळतात, खोटे. बोली झाकलेली असते आणि सगळे गोल आकडे टाकतात. आपण लग्नाच्या पाकिटात 20 घालतो का? 21 घालतो. इथेही तसंच करा. आणि खरंच कोणाची जागा रिकामी झाली असेल, तर सप्टेंबरातच निम्मे पैसे ओता. डिसेंबरात उरलेल्या डॉलरांची कोणी आइस्क्रीमही देत नाही.

राहिली लाइनअप, म्हणजे त्या आठवड्याला उतरवायचे खेळाडू. विश्रांतीचे आठवडे, म्हणजे खेळाडूच्या संघाला सामना नसतो ते, तपासा. दोन्ही रनिंग बॅक एकाच आठवड्यात घरी बसायला नकोत. गुरुवारच्या सामन्यातला खेळाडू फ्लेक्समध्ये (रनिंग बॅक, रिसीव्हर वा टाइट एंड, कोणीही चालतो त्या जागी) ठेवू नका, त्याच्या मूळ जागी ठेवा, म्हणजे रविवारी फ्लेक्स बदलायला मोकळा राहतो. न खेळणाऱ्यांची यादी सामन्याच्या दीड तास आधी लागते. पुण्यात बसून खेळत असाल तर रविवारच्या दुपारच्या सामन्यांसाठी ती रात्री नऊला येते, आणि नोव्हेंबरात अमेरिकेची घड्याळं मागे गेली की दहाला.