बार्शी लाइट एका फळीवर: कमी खर्चात, उचलून नेता येईल अशी मॉडेल रेल्वे

मॉडेल रेल्वे करायची म्हटलं की डोळ्यांसमोर पहिल्यांदा मोठं जंक्शन येतं. चार फलाट, लांबलचक एक्स्प्रेस, यार्डात उभ्या मालगाड्या. दोन-तीन खोल्यांच्या घरात आणि मध्यमवर्गीय पगारात ते जंक्शन बहुधा अर्धवट राहतं. फळी मोठी असल्यामुळे ती कायमची मांडून ठेवावी लागते, घरच्यांना अडचण होते, आणि एका पावसाळ्यात सगळं माळ्यावर जातं. म्हणून माझा आग्रह उलट्या क्रमाचा आहे. आधी फळीचं माप ठरवा. गाडी, स्टेशन, देखावा हे सगळं त्या मापात बसवा. लहान लेआउट, म्हणजे रूळ आणि देखाव्याची मांडणी, पूर्ण होतो, धावतो आणि चार लोकांना नेऊन दाखवता येतो.

या लेखासाठी मी ९० सेंटीमीटर लांब आणि ४५ सेंटीमीटर रुंद फळी धरली आहे. ती रिक्षाच्या मागच्या सीटवर मावते, एका माणसाला उचलता येते आणि पलंगाखाली सरकते. तरी दाराची, लिफ्टची आणि जिथे ठेवणार त्या कपाटाची मापं आधी टेपने घ्या.

बार्शी लाइटच का?

एवढ्याशा जागेत ब्रॉडगेजची गाडी शोभत नाही, कारण तिला ऐसपैस वळणं लागतात. नॅरोगेज मात्र खऱ्या आयुष्यातही तीव्र वळणं घेत, छोट्या डब्यांनिशी, कमी खर्चात धावण्यासाठीच बांधलेली असते. महाराष्ट्राकडे तर तिचं उत्तम उदाहरण आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरने आखलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत सुरू झाली. पुढे १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. एकूण लांबी सुमारे ३२५ किलोमीटर. कॅल्थ्रॉपचं मुख्य सूत्र असं की कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला की हलके, स्वस्त रूळ पुरतात. त्याच्यासाठी लीड्सच्या किट्सन कंपनीने बनवलेल्या इंजिनांना म्हणूनच जास्त चाकं होती. आता हा सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे, आणि मॉडेल करण्याचं तेही एक कारण आहे. पंढरीची वारी वर्षानुवर्षं वाहून नेणारी ही गाडी आता प्रत्यक्षात बघायला मिळत नाही.

हिशेबही छान जुळतो. बार्शी लाइटचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात. बाजारात सहज मिळणारा एन गेजचा रूळ ९ मिलिमीटरचा असतो. म्हणजे रूळ, मोटार आणि चाकं एन गेजची घ्यायची, आणि वरचं सगळं, म्हणजे डबे, माणसं, स्टेशन, १:८७ या स्केलला करायचं. या जोडीला हौशी लोक एचओई म्हणतात. याच ८७ मुळे मापं काढणंही सोपं होतं. खऱ्या एका मीटरला साडेअकरा मिलिमीटर. उंच माणूस २० मिलिमीटरचा, दार २४ मिलिमीटरचं. ही दोन मापं पुठ्ठ्याच्या पट्टीवर लिहून टेबलावर ठेवा, सारखी लागतात.

पैसे कुठे घालायचे

इंजिनाची चेसिस (मोटार आणि चाकं असलेला खालचा सांगाडा), रूळ आणि सांधा (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा तुकडा) या तीन गोष्टींत काटकसर करू नका. या बहुधा परदेशी बनावटीच्याच घ्याव्या लागतात. किमतीवर टपालखर्च आणि कस्टम ड्युटी चढते, म्हणून तुकड्यातुकड्याने न मागवता यादी करून एकदाच मागवा. बाकी सगळं हार्डवेअरच्या दुकानात, स्टेशनरीत आणि घरातल्या रद्दीत मिळतं. खराब चेसिसवर कितीही सुंदर डबा बसवला तरी गाडी अडखळते, आणि अडखळणारी गाडी कोणी दोन मिनिटांपेक्षा जास्त पाहत नाही.

सुरुवात करण्याआधी जमलं तर पुण्याला कोथरूडमधलं जोशी यांचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय एकदा बघून या. ते लेआउट आपल्या कामापेक्षा खूप मोठं आहे, पण गाडी देखाव्याआड जाऊन पुन्हा बाहेर आली की डोळ्याला कसं वाटतं ते तिथे नीट कळतं.

फळी

वरती ६ मिलिमीटरचा प्लाय आणि खाली १२ मिलिमीटरच्या प्लायच्या ६ सेंटीमीटर उंच पट्ट्यांची चौकट. मधे एक आडवी पट्टी. सुताराकडून कापून घेतलं तर कोपरे काटकोनात येतात आणि स्क्रू मारण्याचं काम घरी होतं. वायर जाण्यासाठी मधल्या पट्टीला आधीच भोक पाडून घ्या.

प्लायला वरून, खालून आणि कडांनाही प्रायमर लावा. फक्त वरची बाजू रंगवली तर दमट हवेत खालची बाजू ओल धरते आणि फळी वाकते. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी तर पावसाळ्यात हे काम सुरूच करू नये.

प्लायवर १०-१५ मिलिमीटर जाडीचा कडक फोम चिकटवा. त्यामुळे ओढा, खड्डा, बांध कोरता येतात आणि गाडीचा आवाजही कमी होतो. पॅकिंगचा थर्माकोल चालतो, पण कापताना त्याचे दाणे उडतात. दोन्हीला पांढरा लाकडाचा गोंदच वापरा. चप्पल चिकटवायचा पिवळा गोंद लावला तर फोम विरघळून खड्डे पडतात.

रूळ

आराखडा अगदी साधा आहे. एक लंबगोल, एकच सांधा आणि त्यातून निघणारी एक साइडिंग, म्हणजे डबे उभे करायचा बाजूचा रूळ. मॉडेल रेल्वेचे रूळ बनवणाऱ्या काटो कंपनीच्या छोट्या वळणांतला १८३ मिलिमीटर त्रिज्येचा तुकडा ४५ अंशांचा असतो. दोन्ही टोकांना चार-चार, म्हणजे एकूण आठ तुकडे. मागच्या बाजूला सरळ रुळाचे २४८ आणि १८६ मिलिमीटरचे तुकडे. पुढच्या बाजूला १२६ मिलिमीटरचा चार नंबरचा सांधा, मग १८६ आणि १२४ चे तुकडे. मागे ४३४ होतात आणि पुढे ४३६. दोन मिलिमीटरचा फरक जोडांमध्ये जिरून जातो. साइडिंग लंबगोलाच्या आत काढा. तिथे दोन मालडबे उभे राहतात, बार्शीच्या कापसाच्या गाठी चढवायला तेवढे पुरेत.

साइडिंग मुख्य मार्गाला समांतर आणायला सांध्याबरोबरच्या उलट वळणाचा तुकडा लागतो. सांधा घेताना तो मिळतोय ना, हे विचारा.

आता या मापाचं खरं गुपित. फळी मागच्या कडेपासून १३ सेंटीमीटरवर एका उभ्या पडद्याने विभागा. पडदा म्हणजे २० सेंटीमीटर उंच सनबोर्ड (फोमचा हलका, कडक पुठ्ठा), त्यावर फिकट आकाश आणि दूरचा माळ. लंबगोलाचा मागचा भाग पडद्याआड जातो. गाडी डावीकडे पुलाखालून नाहीशी होते, मागे थोडी थांबते आणि उजवीकडे कडुलिंबांच्या आडून परत येते. एवढ्याने खेळाची रंगत दुप्पट होते. पडद्यातली भोकं फळीवर आपला सर्वांत लांब डबा फिरवून, पेन्सिलीने खुणा करून मगच कापा, कारण वळणावर डब्याची टोकं बाहेर झुकतात.

रूळ आधी फक्त टाचण्यांनी बसवा. गाडी दोन्ही दिशांनी, हळू आणि वेगात, सांध्यातून ढकलत आणि ओढत चालवा. घसरण्याची जागा सापडली तर जोडांवर बोट फिरवा. नखाला पायरी लागली की तोच जोड नीट बसलेला नाही. ही चाचणी पूर्ण झाल्याशिवाय गोंदाला हात लावू नका.

वीज

एन गेजची इंजिनं १२ व्होल्ट डीसीवर चालतात. तयार कंट्रोलर महाग असतो. त्याऐवजी १२ व्होल्ट, १ अँपिअरचा चांगल्या कंपनीचा अॅडॅप्टर, डीसी मोटारचा पीडब्ल्यूएम (वीज झटपट चालू-बंद करून वेग ठरवणारा) स्पीड कंट्रोलर आणि गाडीची दिशा उलटवायला सहा टोकांचं डीपीडीटी स्विच घ्या. हे सगळं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात मिळतं. अॅडॅप्टरमधून १२ व्होल्ट कंट्रोलरमध्ये, कंट्रोलरमधून स्विचमध्ये आणि स्विचमधून रुळांत अशी वाट. स्विचची मधली दोन टोकं दोन रुळांना, एका बाजूची दोन कंट्रोलरला, आणि दुसऱ्या बाजूची दोन पहिल्या दोनला तिरकी, फुलीसारखी जोडायची. स्विच पलटला की गाडी उलटी जाते. पलटण्याआधी गाडी थांबवा.

रुळाकडे जाणाऱ्या एका वायरमध्ये स्कूटरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा दिवा जोडा. गाडी घसरून शॉर्ट झाली की दिवा पेटतो, करंट मर्यादेत राहतो आणि कंट्रोलर जळत नाही. काही नव्या छोट्या इंजिनांत कोअरलेस, म्हणजे आत लोखंडी गाभा नसलेली, मोटार असते. ती स्वस्त पीडब्ल्यूएमवर तापते, म्हणून घेण्याआधी विचारून घ्या. आणि अॅडॅप्टर कधीही उघडायचा नाही. २३० व्होल्टच्या बाजूला आपलं काहीही काम नाही.

इंजिन आणि डबे

बार्शी लाइटची वाफेची इंजिनं सुंदर होती, पण पहिल्या प्रयत्नात त्यांच्या वाटेला जाऊ नका. शेवटच्या काळातलं डिझेल करा. ते मुळात एक खोकं आहे आणि पुठ्ठ्यात छान जमतं. लहान चेसिसचं माप घ्या, पातळ पुठ्ठ्याचे दोन थर एकमेकांवर चिकटवून खोकं करा, कडा पॉलिश पेपरने घासा, प्रायमर द्या आणि मग रंग. खोकं चेसिसवर सैल बसलं पाहिजे, चाकांना आणि मोटारला कुठेही लागता कामा नये.

डब्यांची लांबी ९ सेंटीमीटरच्या आत ठेवा. वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या किमान दुप्पट असावी, असा हौशी लोकांचा जुना अनुभव आहे. खऱ्या डब्यापेक्षा हे आखूड पडतात, पण आखूड डबा छोट्या वळणावर जास्त खरा दिसतो. डबा हलका झाला तर उडतो, म्हणून तळाला नट किंवा वॉशर चिकटवून वजन खाली आणा.

माती, खडी, झाडं

इथे हात मोकळा सोडा. पैसे लागत नाहीत आणि आनंद सगळ्यात जास्त मिळतो.

रुळाच्या कडेची खडी म्हणजे बांधकामाची क्रश सँड, आधी पिठाच्या चाळणीतून आणि मग चहाच्या गाळणीतून गाळलेली. एक गोष्ट मात्र विसरू नका. आपला दगड बेसॉल्ट आहे आणि त्यात लोहचुंबकाला चिकटणारे कण असतात. ते उडून मोटारच्या चुंबकाला लागले तर इंजिन निकामी होतं. वाळू कागदावर पसरा, चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिच्यावरून फिरवा. काही चिकटेनासं होईपर्यंत हे करत राहा.

खडी कोरडीच टाकून मऊ ब्रशने बसवा. भांड्याच्या साबणाचा एक थेंब घातलेलं पाणी फवारा. मग एक भाग पांढरा गोंद आणि दोन भाग पाणी ड्रॉपरने सोडा. सांध्याच्या हलत्या पात्यांपासून दूर राहा. रात्रभर वाळू द्या आणि रुळांचा माथा स्वच्छ पुसा.

काळी माती खरीच वापरता येते. उन्हात खडखडीत वाळवून, चाळून घ्या. गोंदाने ती आणखी काळी होते, म्हणून थोडा राखाडी रंग मिसळलेला बरा. सोलापूरकडचा उन्हाळी माळ फारसा हिरवा नसतो. सुतळीचे बारीक तुकडे आणि नारळाच्या काथ्याचे तुरे लावले की वाळलेलं गवत होतं. बाभळीसाठी वाळक्या फांद्या आणि वर भांडी घासायच्या जुन्या स्पंजचे रंगवलेले कण. बाजारातली गर्द हिरवी झाडं इथे उपरी दिसतात.

स्टेशन सनबोर्डचं करा. कौलांसाठी खोक्याचा पन्हळी पुठ्ठा फार जाड पडतो. त्याऐवजी साध्या कार्डशीटवर संपलेल्या बॉलपेनने ३ मिलिमीटरवर समांतर रेघा दाबा. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत गावाचं नाव लिहा. हवं तर आपल्याच गावाचं, जिथे बार्शी लाइट कधी पोचली नाही.

आणि वारी हवीच. काड्यापेटीच्या काड्यांवर एम-सीलने धड आणि डोकं करा, वर पांढरा रंग, हातात लाल कापडाच्या कपच्यांच्या पताका. दहा-बारा वारकरी फाटकापाशी उभे केले की लहान मुलं तिथून हलत नाहीत.

नेणं आणि चालवणं

पडदा, पूल आणि उंच झाडं सुटी ठेवा, खाली खिळ्यांच्या टोकांवर बसतील अशी. चौकटीच्या दोन्ही टोकांना ३० सेंटीमीटर उंचीचे प्लायचे तुकडे नट-बोल्टने लावा, म्हणजे वर आडवी काठी टाकून कापड पांघरता येतं आणि देखाव्याला धक्का लागत नाही. गाड्या कधीही रुळावर ठेवून नेऊ नका. प्रत्येक डबा टिश्यूत गुंडाळून वेगळ्या खोक्यात ठेवा. सोबत पिशवीत आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती कापड, छोटा स्क्रूड्रायव्हर, सुटी वायर, इन्सुलेशन टेप आणि दोन जादा इंडिकेटरचे दिवे ठेवा.

दाखवायला नेल्यावर रूळ अल्कोहोलने पुसूनच गाडी सोडा. आपल्याकडच्या धुळीत तासाभराने पुन्हा पुसावं लागतं. गाडी हळू चालवा. बार्शी लाइट कधीच घाईत नव्हती, आणि मंद गतीत ९० सेंटीमीटरची फळीही बरीच लांब वाटते.