जुना बुद्धिबळ संगणक पीसीला जोडताना: केबलच्या आधी मल्टिमीटर

जुनं यंत्र चालू स्थितीत आहे, पट सगळी घरं ओळखतो आणि विजेचा ॲडॉप्टर मूळचा किंवा तपासलेला आहे, असं मी धरून चालतो. हे जमलेलं नसेल तर आधी ते करा.

पहिला प्रश्न पोर्टचा. फिडेलिटीच्या १९७७ च्या चेस चॅलेंजरसारख्या यंत्रात चाल कळा दाबून द्यायची आणि उत्तर डिस्प्लेवर वाचायचं, बस. तिथे जोडायला काही नाहीच. असं यंत्र उघडून दिव्यांना आणि कळांना तारांचे डाग देत बसू नका. त्या प्रोग्रॅमशी संगणकावर खेळायचं असेल तर मेम या इम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्रांची नक्कल करणारा प्रोग्रॅम) असे बरेच जुने बुद्धिबळ संगणक चालतात. काही यंत्रांवर पोर्ट असतं, पण फक्त प्रिंटरसाठी. त्यातून डावाची नोंद बाहेर येते, आत काही जात नाही. दोन्हीकडून बोलणारी यंत्रं म्हणजे नोव्हागचा सिट्रिन, किंवा सायटेकच्या ओपन सिस्टिम आर्किटेक्चरवर बांधलेले लिओनार्डो, गॅलिलिओ आणि रेनेसाँ. मॅन्युअल मिळालं तर पोर्टचं पान छापून भिंतीवर लावा.

आता खरा मुद्दा.

या विषयावर जिकडेतिकडे एकच सल्ला दिसतो: यूएसबी ते सिरियल अडॅप्टर घ्या, खुपसा, वेग (सेकंदाला किती बिट जातात तो) जुळवा, झालं. या सल्ल्यापायी माझं एक यंत्र कायमचं बहिरं झालं. त्याला मागे नऊ पिनांचं, अगदी जुन्या पीसीसारखं पोर्ट होतं. आकार ओळखीचा, म्हणून आतला सिग्नलही आरएस-२३२ चाच, म्हणजे जुन्या पीसीच्या सिरियल पोर्टचाच, असणार असं मी गृहीत धरलं. स्क्रीनवर कचरा अक्षरं आली. ३०० पासून ११५२०० पर्यंत सगळे वेग तीन संध्याकाळी आलटून पालटून लावले, कचरा तसाच. मग वाटलं, वाचता येत नसेल तर निदान चाल पाठवून बघू. पाठवली. त्या दिवसापासून ते यंत्र स्वतःची चाल सांगतं, पण बाहेरून आलेलं काही घेत नाही. त्याची आत घेणारी पिन गेली.

पोर्टच्या आकारावरून व्होल्टेज कळत नाही, हे त्या दिवशी शिकलो. खऱ्या आरएस-२३२ मध्ये तार शांत असताना ऋण व्होल्टेज असतं, सहसा उणे ५ ते उणे १२, आणि बिट बदलला की ते तितकंच धन होतं. टीटीएलमध्ये, म्हणजे चिपा आपसात बोलतात त्या ५ व्होल्टच्या पद्धतीत, तार शांत असताना ५ व्होल्ट आणि सक्रिय झाली की शून्य. म्हणजे व्होल्टेज तर वेगळं आहेच, शिवाय सगळा सिग्नल उलटा. त्यामुळे टीटीएलवाल्या यंत्राला साधा सिरियल अडॅप्टर लावला की येणारं प्रत्येक अक्षर उलटं वाचलं जातं. वेग कितीही बदला, उपयोग नाही. आणि उलट दिशेने ५ व्होल्टच्या पिनेवर उणे-अधिक १२ जातात.

म्हणून आधी मोजायचं. यंत्र चालू करा, केबल लावू नका. मीटरची काळी तार ग्राउंडला, लाल तार यंत्राच्या बाहेर बोलणाऱ्या पिनेला. ही पिन कुठली ते माहीत नसेल तर प्रत्येक पिनेचं माप कागदावर लिहून घ्या. लाल टोक घसरून शेजारच्या पिनेला टेकलं तर शॉर्ट होतं, म्हणून टोकाला टेप गुंडाळून फक्त दोन मिलिमीटर धातू उघडा ठेवा.

उणे ५ ते उणे १२ आलं तर सुटलात. साधा अडॅप्टर चालेल.

अधिक ५ च्या आसपास आलं तर टीटीएल. त्याला ५ व्होल्टची यूएसबी-टीटीएल केबल लागते, दुसरं काही नाही.

शून्य आलं तर घाई करू नका. ती पिन ऐकणारी असेल, मेलेली असेल किंवा नुसतीच ग्राउंड असेल. किंवा यंत्र टीटीएलच्याच व्होल्टेजवर पण उलट्या दिशेने बोलत असेल: शांत असताना शून्य, सक्रिय झालं की ५. हा प्रकार सगळ्यात फसवा. पीसीचे बहुतेक रिसीव्हर असा सिग्नल निमूट वाचतात, चाली नीट दिसतात आणि आपण समजतो की हे आरएस-२३२ आहे. मग चाल पाठवायला जातो आणि माझ्यासारखी पिन जाळून बसतो. इथे मीटर पुरत नाही. ९६०० च्या वेगाने सहा अक्षरांची चाल सहा-सात मिलिसेकंदांत संपते, मीटरचा आकडा हलायच्या आत. छोटा लॉजिक ॲनलायझर (तारेवरचे चढउतार वेळेसकट नोंदवणारं उपकरण) लावा, यंत्राला एक चाल खेळायला लावा आणि नोंद बघा. त्याच नोंदीत सगळ्यात अरुंद स्पंद मोजला की वेगही कळतो: १०४ मायक्रोसेकंद म्हणजे ९६००, २०८ म्हणजे ४८००, ८३३ म्हणजे १२००. ॲनलायझरही ५ व्होल्टच्या वर टिकत नाही, म्हणून मीटर आधी आणि तो नंतर. हा क्रम मोडू नका.

केबलच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: एफटी२३२आर चिप असलेली ५ व्होल्टची टीटीएल केबल घ्या. चिप बनवणाऱ्या कंपनीच्याच एफटी_प्रॉग या प्रोग्रॅमने त्या चिपमधल्या येणाऱ्या-जाणाऱ्या तारा उलट्या करता येतात, त्यामुळे सुलटा आणि उलटा हे दोन्ही प्रकार एकाच केबलने भागतात. मूळ केबलमध्ये काळी तार ग्राउंड, केशरी पाठवणारी, पिवळी घेणारी. यंत्राची बोलणारी पिन पिवळीला, ऐकणारी केशरीला. लाल तार ५ व्होल्ट देते. तिचं टोक कापून टेप लावा, यंत्राला जोडू नका. केशरी तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर घाला. चूक झाली तरी प्रवाह मर्यादित राहतो. मी आता तो कायमचा डाग देऊन ठेवलाय. केबल लावताना यंत्र बंद ठेवा.

पुढचं सोपं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टचा क्रमांक बघा. जुने प्रोग्रॅम कॉम१ ते कॉम४ च्या पलीकडे बघत नाहीत, म्हणून क्रमांक तिथेच बदलून घ्या. लिनक्सवर स्वतःला डायलआउट गटात टाका. पुटी हा टर्मिनल प्रोग्रॅम उघडा, त्यातलं फ्लो कंट्रोल बंद करा आणि यंत्रावर एक चाल खेळा.

अजूनही कचरा आला तर तो नीट बघा, त्यातच कारण असतं. चालीच्या अक्षरांपेक्षा जास्त चिन्हं येत असतील तर तुमचा वेग यंत्रापेक्षा जास्त आहे. कमी येत असतील तर कमी. केबल जोडल्याजोडल्या, चाल न खेळताच एखादं रिकामं चिन्ह उमटलं तर सिग्नल उलटा असण्याची शक्यता मोठी. आणि ई२-ई४ या चालीत ई नीट दिसतो, पण २ च्या जागी वर उचललेला बारीक २ आणि ४ च्या जागी स्वराघाताची तिरकी खूण दिसते, तर वेग आणि दिशा दोन्ही बरोबर आहेत. यंत्र सात बिट आणि सम पॅरिटी वापरतंय, म्हणजे एकांची संख्या सम व्हावी म्हणून तपासणीचा एक बिट जोडतंय. २ आणि ४ च्या संकेतात विषम एक आहेत, म्हणून पॅरिटीचा बिट चढतो आणि आपण त्याला आठवा बिट समजून वाचतो. ई मध्ये चार एक आहेत, तो सुटतो. सेटिंग बदला, क्षणात स्वच्छ होईल.

चाल पाठवताना अख्खी ओळ एकदम फेकू नका. ही यंत्रं एका छोट्या प्रोसेसरवर पट तपासणं, दिवे लावणं आणि विचार करणं सगळं एकत्र करतात. दोन अक्षरांमध्ये ५० मिलिसेकंद थांबा. ओळीच्या शेवटी काय लागतं ते मॅन्युअलमध्ये बघा. नाही सापडलं तर आधी नुसतं कॅरेज रिटर्न, मग त्याच्यासोबत लाइन फीड. यंत्र विचार करत असताना काहीच पाठवू नका.

आधुनिक बुद्धिबळ इंजिनशी, म्हणजे पीसीवरच्या प्रोग्रॅमशी, सामना लावायचा असेल तर पायथन भाषेतल्या पायसिरियल आणि पायथन-चेस या दोन लायब्ररी पुरतात. पण पहिल्या दिवशी इंजिन जोडू नका. एक पूर्ण डाव हाताने खेळा आणि यंत्राकडून आलेला प्रत्येक बाइट फाइलमध्ये उतरवा. त्या डावात दोन्ही बाजूंचं कॅसलिंग, वाटेत मारलेलं प्यादं आणि वजिराऐवजी घोडा केलेलं प्यादं मुद्दाम आणा. कॅसलिंग कुणी राजाची चाल म्हणून लिहितं, कुणी शून्यांनी. काही यंत्रं तुम्ही पाठवलेली चाल जशीच्या तशी परत सांगतात. स्क्रिप्टने तो प्रतिध्वनी यंत्राची चाल समजला तर दुसऱ्या चालीलाच डाव फाटतो. पाठवलेली ओळ लक्षात ठेवा, तीच परत आली तर टाकून द्या, आणि त्यानंतर येईल ती चाल पायथन-चेसकडून नियमात बसते का तपासूनच इंजिनला द्या.