हंगेरीच्या रब्बींचे हस्तलिखित पत्र: तारीख कशी लावावी, गोव्याच्या पावसात कसे जपावे

युरोपातल्या जुन्या टपालाच्या गठ्ठ्यात हिब्रू हस्ताक्षराचे पत्र निघाले, तर मजकूर वाचायची घाई नको. आधी तारीख लावावी. एकोणिसाव्या शतकातल्या हंगेरीच्या रब्बींची, म्हणजे यहुदी धर्मगुरूंची, पुष्कळ पत्रे म्हणजे धर्मशास्त्रातल्या प्रश्नांची उत्तरे असतात: खाण्यातला विधिनिषेध, घटस्फोट, शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस), देण्याघेण्याचे तंटे. भाषा हिब्रू-अरामी मिश्र, संक्षेपांनी खच्चून भरलेली. मोडी वाचणाऱ्याला अशा लिखाणाचा धाक वाटत नाही.

ओळी उजवीकडून डावीकडे जातात. वरच्या कोपऱ्यातली बेत-हे ही दोन अक्षरे आपल्या 'श्री'च्या जागी असतात; ती तारखेत धरू नयेत. तारखेत बहुधा वार, आठवड्याचा तोरापाठ आणि वर्ष एवढेच येते, महिना पुष्कळदा नसतो. वार अक्षराने लिहितात: आलेफ रविवार, बेत सोमवार, गिमेल मंगळवार. तोरापाठ म्हणजे तोरा या यहुदी धर्मग्रंथातला येत्या शनिवारी वाचायचा भाग. वर्षही अक्षरांनीच लिहितात; प्रत्येक हिब्रू अक्षराला आकड्याची किंमत असते, तिची बेरीज करावी. वर्षानंतर लामेद-पे-कोफ दिसले, तर वरचे ५००० गाळले आहेत असे समजावे.

समजा, 'गिमेल, नोआख, ताव-कोफ-त्सादी-तेत' असे आहे; नोआख हे तोरापाठाचे नाव. ४०० + १०० + ९० + ९ = ५९९, म्हणजे ५५९९. यहुदी वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात बदलते. ५००० गाळलेल्या आकड्यात तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंत १२३९ मिळवावे, जानेवारीपासून पुढे १२४०. नोआखचा पाठ नववर्षानंतर साधारण महिनाभराने येतो, म्हणून १८३८. त्या आठवड्याचा मंगळवार १६ ऑक्टोबरला पडतो. दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, तेव्हा सोमवारी रात्री लिहिलेले पत्रही 'गिमेल'च.

घोळ होतो तो हे (५) आणि हेत (८), दालेद (४) आणि रेश (२००) यांत. मोठी किंमत आधी येते, यावरून बरेच सुटते, पण नेहमी नाही: ६७० साली ताव-रेश-आयिन या क्रमात शेवटी 'वाईट' असा शब्द होतो, म्हणून आयिन पुढे आणतात. बेरीज तीच. कधी वर्ष एखाद्या वचनात दडवून अक्षरांवर ठिपके देतात. तिथे ठिपक्यांचीच अक्षरे मोजावीत.

आता पोस्टाच्या शिक्क्याशी ताळा घ्यावा. हंगेरीत तिकिटे १८५० पासून. त्याआधी कागदच दुमडून लाखेने बंद करत, पत्ता बाहेरच. तिकीट कापून घेणारे संग्राहक नेमका शिक्क्याचा पुरावा घालवतात. गावाचे नाव आजच्या नकाशात शोधताना प्रेसबुर्ग म्हणजे स्लोव्हाकियातले ब्रातिस्लावा, उंगवार म्हणजे युक्रेनमधले उझहोरोद.

सहीत नावाबरोबर 'हाकातान', म्हणजे लहान, असे नम्रतेने येते. १८०६ ते १८३९ प्रेसबुर्गचे रब्बी असलेले मोशे सोफर सहीत आपल्या जन्मगावाचे, फ्रांकफुर्टचे, नाव जोडत. मात्र एवढ्यावर पत्र मूळचे ठरत नाही. उत्तरांच्या नकला निघत, शिष्यही उतरवून घेत. घड्या, लाख, पत्ता, खाडाखोड आणि मजकूर-सहीची एकच शाई, हे एकत्र पाहावे. मग छापील संग्रहाशी ताडावे. छापताना नावे आणि मायने पुष्कळदा गळत.

शाई बहुधा लोह आणि मायफळाची, गोव्यातल्या पोर्तुगीज दप्तरांत सापडते तीच. ती आम्लधर्मी असते. ओल लागली की कागद अक्षराच्या रेषेवरच जळल्यासारखा तपकिरी होतो, मग फाटतो. म्हणून ओला बोळा, लॅमिनेशन, सेलोटेप आणि टाचण्या पूर्ण वर्ज्य. नोंद करायची तर पेन्सिलने, तीही फोल्डरवर.

फोल्डर आम्लमुक्त कागदाचा हवा. पोथीचे तांबडे फडके नको, ओलीत त्याचा रंग कागदावर उतरतो. कपाट बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर ठेवावे. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के चांगली. जुलैत ती साधायला घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रतामापक लागतो. जेलचा रंग बदलला की ते वाळवून घ्यावे. एसी दिवसा चालू, रात्री बंद ठेवणे न लावण्यापेक्षा वाईट, कारण कागद रोज फुगतो आणि आक्रसतो. कसर दिसली तर डांबरगोळ्या कागदाजवळ टाकू नयेत, आधी डबा साफ करावा.

निसटलेले तुकडे फेकू नयेत. त्यांवर देवाचे नाव असू शकते, आणि असे कागद यहुदी परंपरेत कचऱ्यात जात नाहीत, राखून ठेवतात किंवा पुरतात. कागदी पाकिटात घालून त्याच फोल्डरमध्ये ठेवावेत.