मॉडेल रेल्वेच्या डब्यात लाइट: रुळावरून करंट कसा घ्यायचा

डब्यात एलईडी बसवणं काही अवघड नाही, पट्टी कापली, छताला आतून चिकटवली, झालं. खरं काम आहे ते रुळातला करंट फिरत्या चाकातून त्या पट्टीपर्यंत न तुटता आणायचं, आणि लाइट लुकलुकतोय म्हणून लगेच कॅपॅसिटर (थोडा करंट साठवून ठेवणारा भाग) शोधायला धावू नका, बहुतेक वेळा गडबड चाकाशीच असते. मी इथे टू-रेल (एक रूळ एक पोल, दुसरा रूळ दुसरा) एचओ स्केल, म्हणजे मॉडेलचं माप, धरून सांगतोय, त्याहून लहान एन स्केललाही हेच, फक्त सगळं आणखी बारीक.

आधी डबा उलटा करून चाकं बघा. प्लास्टिकची असतील तर मेटलची टाकावी लागतील, त्याला पर्याय नाही. मेटलच्या जोडीत कधी एकच चाक आसापासून इन्सुलेट केलेलं असतं, कधी दोन्ही. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक प्रोब आसाला, एक चाकाला, बीप वाजली ते चाक आसाला जोडलेलं.

एकच बाजू इन्सुलेटेड असेल तर सोपं आहे. एका बोगीतल्या (डब्याखाली वळणारा, चाकांच्या दोन जोड्यांचा सांगाडा) दोन्ही जोड्या अशा बसवा की आसाला जोडलेली चाकं डाव्या रुळावर येतील, दुसऱ्या बोगीत उलट, उजव्या रुळावर. मग प्रत्येक बोगीत आसावर धातूची एक स्प्रिंगसारखी पट्टी (पिकअप) टेकवायची, एका बोगीकडून एक पोल आणि दुसरीकडून दुसरा. मात्र डब्याचा तळ मेटलचा असेल आणि दोन्ही बोग्यांचा करंट त्याला लागत असेल तर सरळ शॉर्ट होईल, तेवढं आधी तपासा.

दोन्ही चाकं इन्सुलेटेड असतील तर पट्ट्या चाकांच्या आतल्या अंगाला टेकवाव्या लागतात. यात आठही चाकं कामाला येतात म्हणून करंट जास्त भरवशाचा मिळतो, पण चाकाच्या कडेजवळ घासल्यामुळे ब्रेक लागल्यासारखं होतं आणि असे सात-आठ डबे जोडले की इंजिन जागेवरच चाकं फिरवत बसतं. आसावर तेवढंच दाबलं तरी ब्रेक कमी लागतो, कारण आस बारीक असतो. म्हणून जमत असेल तिथे मी आसाचीच पद्धत धरतो.

पट्टी किंवा तार फॉस्फर ब्रॉन्झची घ्या, साधी तांब्याची तार वाकली की वाकलेलीच राहते, स्प्रिंग देत नाही. एचओला ०.३ मिमीच्या आसपासची तार पुरते. वायर पट्टीला आधीच सोल्डर करून घ्या आणि मग बोगीत बसवा, नाहीतर प्लास्टिक वितळून बोगी वाकडी झालीच म्हणून समजा. दाब इतकाच हवा की पट्टी नुसती टेकलेली राहील. पट्टी लावण्याआधी डबा हलक्या उतारावर सोडून बघा, लावल्यावर परत सोडा, आता अडखळत असेल तर पट्टी थोडी सैल करा.

बोगीतून वर जाणारी वायर एकदम मऊ आणि बारीक हवी, डीकोडरला (इंजिनातलं डिजिटल कंट्रोलचं सर्किट) वापरतात तशी, आणि ती बोगी जिथे फिरते त्या पिव्होटजवळून वर न्या, थोडी ढिली ठेवून. जाड वायर वळणावर बोगीला फिरू देत नाही आणि डबा रुळावरून उतरतो, मग लोक रुळाला दोष देत बसतात.

आता वर सर्किट. दोन्ही वायरी ब्रिज रेक्टिफायरला (पोल कसेही आले तरी पुढे प्लस-मायनस तेच ठेवणारा भाग) जोडा, डीसीवर (व्होल्ट कमी-जास्त करून वेग ठरवायची साधी पद्धत) दिशा बदलली की पोल उलटतात आणि डीसीसीवर (डिजिटल कंट्रोल, यात रुळात व्होल्ट कायम पूर्ण असतात) तर ते सतत उलटत असतात, म्हणून तो दोन्हीकडे लागतोच. त्यात साधारण १.४ व्होल्ट जातात. समजा १२ व्होल्ट येतायत, पांढरी एलईडी ३ व्होल्टची, उरले ७.६, आणि २ मिलिअँप हवे असतील तर ३.९ किलोओहमचा रेझिस्टर बसतो. २ मिलिअँप ऐकायला कमी वाटतं पण डब्याला पुरतं, जास्त दिलं की डब्यात हॅलोजन लावल्यासारखं दिसतं. तयार १२ व्होल्टची एलईडी पट्टी डीसीसीवर मस्त चालते, डीसीवर मात्र गाडी हळू असताना मिणमिणते किंवा लागतच नाही, तिथे सुटे एलईडी प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर देऊन लावलेले बरे.

कॅपॅसिटर सगळ्यात शेवटी, ब्रिजच्या पुढे, प्लस-मायनस बघून. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा घेतला तर १० मिलिअँपला पाव सेकंदाच्या आसपास सांभाळून घेतो, पॉइंटवरून (रूळ बदलायची जागा) जाताना तेवढं बास. डीसीसीवर त्याला सिरीजमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर द्या आणि त्या रेझिस्टरला पॅरलल एक डायोड, म्हणजे चार्ज हळू होईल आणि डिस्चार्ज मोकळा. नाहीतर दहा डबे एकदम चार्ज व्हायला लागले की बूस्टर (रुळाला करंट देणारं डीसीसीचं युनिट) शॉर्ट समजून बंद पडतो.

इतकं करूनही लुकलुकत असेल तर चाकं आणि रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि तरीही नाही जमलं तर दोन-तीन डब्यांचे पिकअप बारीक दोन पिनच्या प्लगने एकमेकांना जोडा, डावा डाव्याला, उजवा उजव्याला. चाकं वाढली की लाइट आपोआप स्थिर होतो. फक्त लेआउटवर रिव्हर्स लूप (गाडी फिरून त्याच रुळावर उलट येते ते वळण) असेल तर असे जोडलेले डबे लूपच्या गॅप देऊन वेगळ्या केलेल्या भागात पूर्ण मावतात का ते मोजून घ्या, नाहीतर दोन्ही टोकांच्या गॅपवर एकाच वेळी डबे आले की शॉर्ट होतो.