ब्रसेल्स स्प्राउट्स: निवडणं, टिकवणं आणि चवीने खाणं

ब्रसेल्स स्प्राउट्स आवडत नाहीत असं कुणी म्हणालं की मी एकच प्रश्न विचारते: शिजवले कसे होते? उत्तर बहुतेक वेळा 'उकडून' असं येतं, आणि तिथेच माझा वाद संपतो. लगदा होईपर्यंत उकडलेले, शेवाळी रंगाचे, ज्यांचा वास घरभर फिरतो असे स्प्राउट्स मलाही नकोच असतात. या भाजीच्या अटी तशा दोनच आहेत. शिजवायला घेईपर्यंत तिला गारवा हवा, आणि शिजवताना कडक आच हवी, तीही थोडाच वेळ. लोक नेमकं उलटं करतात. ओट्यावर उबेत पडू देतात आणि मग पाण्यात घालून विसरून जातात.

झाडाबद्दल थोडं आधी सांगते, कारण निवडताना ते उपयोगी पडतं. ब्रसेल्स स्प्राउट्स, कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल आणि केल ही पालेभाजी या सगळ्यांची वनस्पतिशास्त्रातली प्रजाती एकच, ब्रासिका ओलेरासिया. माणसाने कुठे पानं वाढवली, कुठे फूल, कुठे खोड. स्प्राउट्समध्ये वाढवले ते कळे. जाडजूड सरळ दांडा, त्यावर लांब देठांची पानं, आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक घट्ट मिटलेला कळा. तोच आपला स्प्राउट. दांडा खालून वर तयार होत जातो, त्यामुळे एकाच झाडावर खालचे गड्डे मोठे आणि जुने, तर वरचे लहान आणि कोवळे असतात. एकाच ढिगात लिंबाएवढे आणि बोराएवढे गड्डे शेजारी दिसतात ते यामुळेच.

निवडताना

पहिली परीक्षा हाताची. चांगला स्प्राउट आकाराच्या मानाने जड लागतो आणि अंगठ्याने दाबला तर दबत नाही. दोन गड्डे एकमेकांवर घासले तर ताज्यांचा चुर्र आवाज येतो. भाजीवाल्यासमोर हे करताना जरा विचित्र दिसतं, पण मी करते. पानं सैल सुटलेली असतील किंवा आत पोकळ वाटत असेल तर ठेवून द्या. असा गड्डा बाहेरून करपेल आणि आत पाणचट राहील.

मग देठाची कापलेली बाजू बघा. ती पांढरट किंवा फिकट पिवळसर असावी. वेळ जाईल तशी ती सुकते आणि तपकिरी होते. थोडी तपकिरी झाली असेल तर काही बिघडत नाही, पातळ चकती काढली की खाली पांढरं लागतं. पण काप काळा, भेगाळलेला किंवा चिकट असेल तर नको. बाहेरचं एखादं पान पिवळं असलं तर सोलून टाकता येतं. बहुतेक गड्डे पिवळे असतील तर तो माल बराच जुना आहे किंवा उबेत राहिलेला आहे. बारीक भोकं दिसली तर अळी, आणि पानांच्या घडीत राखाडी भुकटीसारखं काही दिसलं तर मावा. माव्याचे स्प्राउट्स मी घेत नाही. तो पानांच्या इतक्या आत शिरतो की धुऊन पूर्ण जात नाही.

लहान घ्यावेत की मोठे? साधारण अडीच सेंटिमीटरचे गोडसर आणि नाजूक असतात, चारच्या पुढचे कोबीच्या चवीकडे झुकतात. तरी माझ्या मते लहानपणापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा. एका आकाराचे निवडले की सगळे एकाच वेळी शिजतात. बांधलेल्या पिशवीत हे जमत नाही, म्हणून सुटे मिळत असतील तर मी सुटेच घेते. पिशवीच घ्यायची वेळ आली तर आत पाण्याचे थेंब साचलेत का ते बघा. साचलेलं पाणी म्हणजे सडण्याची सुरुवात.

हंगाम थंडीचा. गारठा पडला की हे झाड पिष्टाचं साखरेत रूपांतर करतं. पेशींतलं पाणी सहजासहजी गोठू नये म्हणून त्याची ही सोय असते, आणि आपल्याला गोडी आयती मिळते. दहिवर पडून गेल्यानंतरचे स्प्राउट्स आणि उन्हाळ्यातले स्प्राउट्स जणू दोन वेगळ्या भाज्या आहेत. उन्हाळ्यात मी त्यांच्या वाटेला जात नाही.

कधीकधी अख्खा दांडा विकायला असतो. ठेवायला जागा असेल तर जरूर घ्या. दांड्यावरचे गड्डे सुट्यांपेक्षा जास्त दिवस ताजे राहतात, आणि टोकाशी पानांचा झुबका असेल तर तो केलसारखा परतून खाता येतो. जांभळे स्प्राउट्सही मिळतात. त्यांचा रंग पाण्यात विरघळणाऱ्या अँथोसायनिनचा, त्यामुळे उकडले तर रंग पाण्यात जातो. ते भाजावेत. फ्रोझनबद्दल नाक मुरडायचं कारण नाही, पण ते फक्त भाजायला. कच्चे खायला किंवा बारीक चिरायला ते कामाचे नाहीत.

घरी आणल्यावर

धुवू नका, देठ कापू नका, बाहेरची पानं सोलू नका. हे सगळं शिजवायच्या आधी करायचं. बाहेरची पानं आतल्यांचं सुकण्यापासून रक्षण करतात. सुटे स्प्राउट्स भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. पिशवी ओलसर वाटली तर आत कागदी रुमाल घाला.

शीतगृहात 0 अंशाच्या आसपास आणि 95 टक्क्यांच्या वर आर्द्रतेत हे तीन ते पाच आठवडे टिकतात. घरचा फ्रीज 4 अंशांच्या आसपास असतो आणि दिवसभर उघडझाप चालू, म्हणून तेवढी अपेक्षा नको. आठवडाभर ते खाण्यासारखे राहतात, पण चव पहिल्या तीन-चार दिवसांतच चांगली. पुढे गोडी उतरते आणि उग्रपणा वर येतो.

सफरचंद, केळी, पिकलेले पेअर यांच्यापासून त्यांना लांब ठेवा. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि त्याने स्प्राउट्सची पानं पिवळी पडतात, देठापासून सुटतात. 'फ्रीजमध्ये असूनही दोन दिवसांत पिवळे झाले' अशी तक्रार ऐकली की मी आधी फळं कुठे आहेत ते विचारते.

जास्त असतील तर गोठवा, पण थेट नको. उकळत्या पाण्यात लहान गड्डे तीन मिनिटं, मध्यम चार, मोठे पाच मिनिटं ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. पानांतली एंझाइम्स यामुळे थांबतात. ती जिवंत राहिली तर गोठलेल्या अवस्थेतही चव आणि रंग हळूहळू बिघडवत राहतात. मग नीट निथळून, पुसून, ताटात एकेक सुटे पसरून गोठवा आणि नंतर पिशवीत भरा. ओले भरले तर एकच ढेकूळ होतं.

कडवटपणा येतो कुठून

या कुळातल्या भाज्यांत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं असतात. किडींपासून बचावासाठी झाडाने केलेली ती तजवीज. मोहरीचा झणका येतो तो याच घराण्याचा. 1990च्या दशकात हान्स व्हॅन डूर्न या डच शास्त्रज्ञाने स्प्राउट्समधल्या कडवटपणामागे सिनिग्रिन आणि प्रोगॉइट्रिन ही दोन ग्लुकोसिनोलेट्स असल्याचं दाखवलं. त्यानंतर बियाणं तयार करणाऱ्यांनी कमी कडू वाण शोधून चांगल्या उत्पादनाच्या वाणांशी त्यांचा संकर केला. म्हणून आजचे स्प्राउट्स पूर्वीच्यापेक्षा खरोखरच सौम्य आहेत. लहानपणीच्या आठवणीवर विसंबून ही भाजी टाळणाऱ्यांनी पुन्हा एकदा चव घ्यायला हरकत नाही.

तरीही काहींना ते कडूच लागतात, आणि ती नाटकं नसतात. टीएएस2आर38 या जनुकाच्या प्रकारानुसार काही माणसांना या जातीचा कडवटपणा जास्त तीव्र जाणवतो. लहान मुलांना कडू चव मोठ्यांपेक्षा जास्त टोचते. त्यांना बळजबरीने खाऊ घालण्यापेक्षा मीठ आणि लोणी थोडं सढळ हाताने घालावं. मीठ कडवटपणा खरोखर दाबतं.

वासाचं कारण वेगळं. जितका वेळ शिजवाल तितकी गंधकाची संयुगं मोकळी होत जातात. पहिली काही मिनिटं वास गोडसर असतो, मग झपाट्याने बिघडतो. हिरवा रंगही तेव्हाच जातो, कारण उष्णता आणि पानांतलं आम्ल मिळून हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम हुसकून लावतात. रंग टिकावा म्हणून काहीजण सोडा घालतात. रंग राहतो खरा, पण पानांचा चिखल होतो आणि 'क' जीवनसत्त्वही जातं. लिंबू किंवा व्हिनेगर घालायचं ते आच बंद केल्यावर, हेही याच कारणासाठी.

शिजवणं

आधी तयारी. अळीची शंका असेल तर मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मग धुवा आणि पुसून कोरडे करा. पुसणं टाळू नका. ओला स्प्राउट भाजला जात नाही, वाफवला जातो. देठाची अगदी पातळ चकती काढा. जास्त कापलं तर पानं एकमेकांना सोडून देतात. सुटलेली पानं फेकू नका, ती तेलात कुरकुरीत होतात आणि मी ती सगळ्यात आधी संपवते. देठावर फुलीची चीर देण्याची जुनी पद्धत आहे. तिने फारसं काही साधत नाही, उलट आत पाणी शिरतं. त्याऐवजी देठासकट उभे दोन भाग करा.

माझी रोजची पद्धत तव्याची. जाड बुडाचा, शक्यतो लोखंडी तवा चांगला तापवा, दोन मोठे चमचे तेल घाला आणि अर्धे केलेले स्प्राउट्स कापलेली बाजू खाली करून एका थरात मांडा. मीठ भुरभुरवा. आता हात मागे घ्या. पाच मिनिटं ढवळायचं नाही, हलवायचं नाही, उलटून बघायचंही नाही. सगळी चव त्या सपाट बाजूवर तयार होते, गडद तपकिरी आणि खमंग. मग उलटवा, दोन चमचे पाणी शिंपडून दोन मिनिटं झाकण ठेवा. सुरी देठात थोड्या जोरानं शिरली पाहिजे. लोण्यासारखी गेली तर उशीर झाला. खाली उतरवून लोणी, लिंबाची साल किसून आणि मिरपूड.

जास्त माणसांसाठी ओव्हन. 220 अंशांवर, रिकामा ट्रे आत तापवून घ्या आणि तेल-मीठ लावलेले स्प्राउट्स त्या तापलेल्या ट्रेवर कापलेली बाजू खाली करून पसरा. वीस ते पंचवीस मिनिटं. मधे मोकळी जागा सोडा. गर्दी झाली तर एकमेकांच्या वाफेत शिजतील आणि पुन्हा उकडलेल्याच चवीवर याल. फ्रोझन असतील तर वितळू न देता सरळ तापल्या ट्रेवर टाका, पाच-दहा मिनिटं जास्त लागतील. मध किंवा मेपल सिरप लावायचं असेल तर शेवटच्या तीन-चार मिनिटांत. आधी लावलं तर साखर करपते आणि कडवटपणा कमी करायला गेलात ते वाढवून बसता.

कच्चे खाण्यासाठी अगदी कोवळे निवडा. धारदार सुरीने केसासारखे बारीक चिरा, मीठ आणि लिंबाचा रस लावून हाताने चोळा आणि दहा मिनिटं ठेवा. पानं नरम पडतात, झणका उतरतो. त्यात सफरचंदाचे काप, भाजलेले अक्रोड, परमेजानसारखं जुनं कडक चीज आणि चमचाभर ऑलिव्ह तेल. नावडतं म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी हेच आधी देते.

उकडायचेच असतील तर भरपूर खारट पाणी खळखळ उकळू द्या, झाकण ठेवू नका, अर्धे केलेले गड्डे चार मिनिटांत काढा आणि निथळून लगेच लोण्यात परता.

जोडीला चेस्टनट, बेकन, जायफळ हे जुने सोबती आहेतच. माझा हात मात्र मोहरीच्या पेस्टकडे जातो. एक चमचा पेस्ट, दोन चमचे क्रीम, भाजलेले स्प्राउट्स तव्यात असतानाच घालून एकदा हलवायचं. भाऊबंद असल्यामुळे दोघांची चव पटकन जुळते.

आरोग्याचं थोडक्यात. 100 ग्रॅम कच्च्या स्प्राउट्समध्ये साधारण 85 मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असतं आणि 'के' जीवनसत्त्व सुमारे 177 मायक्रोग्रॅम. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी या 'के'कडे लक्ष द्यावं. भाजी बंद करायची गरज नसते, पण एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही असं करू नये. डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावं. पोटात गॅस धरतो तो रॅफिनोज नावाच्या शर्करेमुळे. आपल्या लहान आतड्यात ती पचत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू तिच्यावर ताव मारतात. सवय नसेल तर पहिल्या दिवशी चार-पाचच खा.

उरलेले मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, तो वास लगेच परत येतो. जाडसर चिरून तापल्या तव्यावर पसरा, कडा कुरकुरीत झाल्या की वर अंडं फोडा आणि पांढरं घट्ट होताच उतरवा.