एअर ड्राय क्लेची कुंडी घरी करताय? मग वाळवण्याचं आधी वाचा

आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे नंतर हिरमोड नको. एअर ड्राय क्ले म्हणजे हवेवर वाळणारी पाकिटातली माती, ती नुसती वाळते, भाजली जात नाही. धारावीच्या कुंभारवाड्यात आपण जी कुंडी घेतो ती भट्टीतून निघालेली असते, साधारण 600 डिग्रीच्या आसपास माती कायमची बदलते आणि मग ती पाण्यात ठेवली तरी विरघळत नाही. आपल्याकडच्या शाडूच्या गणपतीचं बघा ना, मूर्ती वाळून टणक होते पण बादलीत विसर्जन केलं की काही तासांत परत चिखल. तसंच हे. म्हणून या कुंडीत थेट माती भरून झाड लावायचं नाही, आत दह्याचा प्लास्टिकचा डबा बसवायचा आणि झाड त्यात. आणि चहा-पाणी-खाणं यासाठी तर ही भांडी अजिबात नकोत, वरून वॉर्निश मारलं तरी नकोत.

क्ले कुठल्याही मोठ्या स्टेशनरीच्या दुकानात मिळते, जास्त हवी असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटला चक्कर मारा. छोट्या कुंडीला 500 ग्रॅमचं एक पाकीट पुरतं. घेताना पाकीट दाबून बघा, कडक लागलं तर घेऊ नका, आत वाळायला लागलेली असते.

बाकी सामान घरातलंच. दुधाच्या दोन पिशव्या कापून धुऊन घ्या, एक खाली एक वर आणि मध्ये क्ले ठेवून लाटायची, म्हणजे चिकटत नाही आणि लाटणंही खराब होत नाही. जाडी सगळीकडे सारखी पाहिजे, त्यासाठी दोन्ही बाजूंना एकेक पेन्सिल ठेवा आणि लाटणं पेन्सिलींवरून फिरवा, बरोबर 6-7 मिलिमीटरची पोळी तयार होते. त्याहून पातळ केली तर काठ मोडतात, फार जाड केली तर वरून वाळते आणि आतून ओलीच राहते.

आता आकार. काचेची जुनी बरणी घ्या (दह्याचा डबा आत जाईल त्याहून थोडी मोठी, कारण क्ले वाळताना आक्रसते), तिला वर्तमानपत्र गुंडाळा आणि त्यावर क्लेच्या पोळीतून कापलेली पट्टी गुंडाळा. तळासाठी वेगळी चकती कापा. जोड असा नुसता दाबून लावला तर वाळल्यावर सुटतो म्हणजे सुटतोच, त्यामुळे दोन्ही कडांवर काट्याच्या चमच्याने आडवे-उभे चरे मारायचे, त्याच क्लेत पाणी घालून लापशीसारखी पेस्ट करायची, ती चऱ्यांत भरायची आणि मग दाबायचं. आतून सुतळीएवढी बारीक वळी लावून बोटाने पसरवली तर जोड अजून पक्का. पाण्याचं बोट सारखं सारखं फिरवायचा मोह होतो, गुळगुळीत दिसतं ना, पण जास्त पाण्याने क्ले फुगते आणि वाळताना तेवढीच जास्त आक्रसते, म्हणजे तडा.

बरणी आत ठेवून वाळवू नका! माझी पहिली कुंडी यातच गेली. रात्री बरणीसकट ठेवली, वर फॅन फुल्ल, सकाळी बघते तर वरपासून खालपर्यंत सरळ चीर. क्ले आक्रसते आणि काच जागची हलत नाही, मग दुसरं काय होणार. तासा-दोन तासांनी कुंडी स्वतः उभी राहायला लागली की बरणी हळूच फिरवून काढायची, कागदामुळे सुटून येते.

मग खरं काम, वाळवणं. मुंबईत आपल्याला वाटतं पंखा लावला, एसी लावला की झालं, पण त्याने काठ आधी वाळतो, तळ ओला राहतो, दोघं एकमेकांना ओढतात आणि काठाला केसासारख्या चिरा पडतात. पहिला दिवस वरून पिशवी सैलसर झाका. दुसऱ्या दिवशी पिशवी काढून कुंडी जाळीवर उपडी ठेवा, खालून हवा लागली पाहिजे. सकाळ-संध्याकाळ बाजू बदला. उन्हाळ्याआधी दोन-तीन दिवसांत होतं, पावसाळ्यात पाच-सहा दिवस धरूनच चाला, खिडकीजवळ ठेवू नका, झड येते. वाळली का कसं ओळखायचं? गालाला लावा, गार लागली तर आत पाणी आहे अजून. रंगही सगळीकडे एकसारखा फिकट झालेला पाहिजे, तळाला गडद ठिपका दिसला की थांबा.

बारीक चीर पडली तर टाकून देऊ नका, क्लेच्या पेस्टमध्ये थोडं फेविकॉल मिसळून चिरेत भरा, परत वाळवा. मग 150 नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर 320 चा. हे बाल्कनीत करा आणि तोंडाला मास्क लावा, धूळ फार बारीक उडते.

रंग ॲक्रिलिक, दोन पातळ हात. वॉर्निश दोन-तीन हात, आतूनसुद्धा आणि तळालासुद्धा, तळ बहुतेक जण विसरतात आणि पुसलेल्या ओल्या फळीवरून ओल तिथूनच चढते. घाई करून ओलसर कुंडीला रंग लावला तर आतली वाफ बाहेर पडायला बघते आणि रंगाला फोड येतात, दमट दिवसांत बुरशीही धरते.

उरलेली क्ले ओल्या फडक्यात गुंडाळून झिपच्या पिशवीत, हवा काढून ठेवा. आठवड्याभरात वापरून टाका, त्यात छोटी पणती-स्टँड किंवा चाव्यांची वाटी सहज होते.